कुठे दाट, कुठे विरळ

माणसाचे पूर्ण शरीर डिजिटल शिल्पात घडवायचे आहे असे समजू. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ ढोबळमानाने १.८ चौरस मीटर भरते. संगणकातले शिल्प म्हणजे छोट्या चौकोनांची किंवा त्रिकोणांची एक जाळी असते. आतून पोकळ, नुसता पृष्ठभाग. या जाळीतला प्रत्येक चौकोन एक मिलिमीटर बाजूचा ठेवला तर १८ लाख चौकोन लागतात. अर्ध्या मिलिमीटरचा ठेवला तर ७२ लाख. पण नाकपुडीजवळची रंध्रे, पापणीच्या कडेची घडी, ओठांवरच्या उभ्या रेषा दाखवायच्या तर एक दशांश मिलिमीटरपर्यंत उतरावे लागते आणि आकडा १८ कोटींवर जातो. त्यातले बहुतेक चौकोन पाठीवर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर निव्वळ पडून राहतात. दाटी हवी होती ती नाक, डोळे, ओठ आणि बोटांपुरती.

जाळी हवी तिथेच दाट करायची आणि बाकी ठिकाणी विरळ राहू द्यायची, हा डिजिटल शिल्पकलेतला जुना प्रश्न आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. त्याला अनेक उत्तरे निघाली. झीब्रश, मडबॉक्स, ब्लेंडर, थ्रीडी-कोट, नोमॅड या सॉफ्टवेअरमध्ये ती बटणांच्या रूपात समोर येतात आणि शिकवणाऱ्यांचा भरही बटणांवरच राहतो. प्रत्येक उत्तर काही देते आणि काही काढून घेते, हे मात्र बहुधा काम बिघडल्यावर कळते. माझ्या मते या सगळ्या पद्धतींची पारख एकाच प्रश्नाने होते: बारकावा कुठे साठवला आहे आणि कशाच्या आधाराने? चौकोनांची संख्या त्यानंतर येते.

सुरुवात एकसारख्या विभाजनापासून करावी लागते. १९७८ साली एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी जाळी पायरीपायरीने गुळगुळीत करण्याचा नियम मांडला. प्रत्येक चौकोनाचे चार करायचे, नव्या-जुन्या बिंदूंच्या जागा शेजाऱ्यांच्या सरासरीने ठरवायच्या आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचे. आजही शिल्पाच्या सॉफ्टवेअरमधले सबडिव्हाइडचे बटण बहुधा हेच करते. यात मेमरीतली मांडणी नीटस राहते. कोणता छोटा चौकोन कोणत्या मोठ्यातून आला हे नुसत्या क्रमांकावरून काढता येते, म्हणून वेगही चांगला मिळतो. अडचण आहे ती चौपटीची. डोक्याची मूळ जाळी १,५०० चौकोनांची असेल तर सहाव्या विभाजनाला ती ६१ लाखांपुढे जाते आणि सातव्याला अडीच कोटींच्या घरात. सातवी पायरी केवळ नाकावरच्या रंध्रांसाठी चढलो तरी कानामागची जागाही चौपट दाट होते आणि केसांखाली कायमची झाकली जाणारी टाळूसुद्धा.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय विभाजनाच्या आधीच करता येतो, आणि नेमका त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मूळ जाळी बांधतानाच डोळ्यांभोवती, तोंडाभोवती कडांची वर्तुळे जास्त ठेवायची आणि कवटीवर, मानेवर मोठे चौकोन सोडायचे. पापणीजवळचा चौकोन कवटीवरच्या चौकोनाच्या एक तृतीयांश बाजूचा असेल, तर पुढच्या प्रत्येक पायरीवर हे प्रमाण साधारण तसेच टिकते. म्हणजे तेवढ्याच चौकोनांत डोळ्यांपाशी नऊपट दाटी मिळते, त्यासाठी कोणतेही खास तंत्र लागत नाही आणि काही गमवावेही लागत नाही. डोळ्यांभोवतीचे आणि ओठांभोवतीचे स्नायू वर्तुळाकारच असल्यामुळे पुढे चेहरा हलवतानाही हीच मांडणी कामी येते. ही जाळी आधी विचार करून बांधावी लागते आणि शिल्प कोणत्या वळणावर जाणार हे तेव्हा ठाऊक असावे लागते, एवढीच तिची अट. चेहरा कोणाचा हे ठरलेले असेल तिथे ती अट मुळीच जाचक नाही.

मग फक्त नाकाचे चौकोन फोडले तर? कल्पना सरळ आहे, पण गाडे शेजाऱ्यापाशी अडते. फोडलेल्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक नवा बिंदू येतो. शेजारच्या, न फोडलेल्या चौकोनाला त्या बिंदूची खबर नसते. त्याच्या लेखी ती कड सरळच असते. ब्रशने तो बिंदू जरा उचलला की दोघांच्या मध्ये चीर पडते. चीर टाळायची तर शेजाऱ्यालाही त्या बिंदूशी जोडावे लागते, म्हणजे त्याचे त्रिकोण पाडावे लागतात. कॅटमुल-क्लार्कच्या नियमात ज्या बिंदूपाशी चार कडा मिळतात तिथे पृष्ठभाग सहज वळतो; तीन किंवा पाच-सहा कडा मिळाल्या की वळणाची सलगता तुटते. सीमेवर त्रिकोण पाडताना असे अवघड बिंदू ओळीने तयार होतात आणि तिरप्या, चकचकीत प्रकाशात ती ओळ नाकाभोवती कड्यासारखी दिसू लागते. मडबॉक्समध्ये निवडलेल्या चौकोनांपुरती आणि झीब्रशमध्ये बाकीचा भाग लपवून उरलेल्यापुरती जाळी फोडता येते. दोन्हीकडे ही सीमा टाळता येत नाही, ती कुठे ठेवायची एवढेच आपल्या हाती उरते. कानामागे, केसांच्या रेषेवर, नखाच्या मुळाशी, जिथे आकार आधीच तुटतो तिथे ती लपते. गालाच्या मधोमध ठेवली तर लपत नाही.

शेजाऱ्याचा हा त्रास बहुभुजांच्या जाळीपुरता नव्हता. ऐंशीच्या दशकात गुळगुळीत पृष्ठभाग स्प्लाइनने घडवले जात. आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले नियंत्रक बिंदू ओढायचे आणि त्यांवरून पृष्ठभाग ताणला जाई. नाकाशी एक बिंदू वाढवायचा म्हटले तर पूर्ण आडवी ओळ आणि पूर्ण उभी ओळ वाढे, म्हणजे नाकाची किंमत कान आणि मान मोजत. १९८८ साली वॉटर्लू विद्यापीठाच्या डेव्हिड फोर्सी आणि रिचर्ड बार्टेल्स यांनी यातून मार्ग काढला. मोठा पृष्ठभाग आहे तसाच ठेवायचा, त्याच्या एका भागावर बारीक पृष्ठभागाचा थर बसवायचा, आणि त्या थरातले बिंदू अवकाशातल्या ठिकाणाने न नोंदवता खालच्या पृष्ठभागापासून किती आणि कोणत्या दिशेला सरकले एवढेच नोंदवायचे. दिशाही खालच्या पृष्ठभागाचीच धरायची. खालचे मोठे रूप वाकवले की वरचा बारीक थर त्याच्याबरोबर वाकतो.

या विषयावरच्या सगळ्या लिखाणात मला हा विचार सर्वांत मोलाचा वाटतो. बारकाव्याला स्वतःचा पत्ता नाही, त्याला आधार आहे. कपाळावरची आठी कपाळाच्या संदर्भात नोंदवलेली असेल तर कपाळ रुंद केल्यावरही ती आठीच राहते. तीच नुसती बिंदूंच्या ठिकाणांत साठवली असेल, तर कपाळ बदलताना ती पुसून पुन्हा कोरावी लागते. पुढे १९९७ साली डेनिस झोरिन, पीटर श्रोडर आणि विम स्वेल्डन्स यांनी हाच विचार विभाजनाच्या जाळीवर आणला. प्रत्येक पातळीवर खालच्या पातळीपासूनचा फरक साठवायचा, आणि जिथे फरकच नाही तिथे दाट जाळी बांधायचीच नाही. आज मल्टिरेझोल्यूशन, थोडक्यात मल्टिरेस, म्हणून जे ओळखले जाते त्याचा गाभा हा आहे.

शिल्पकारांच्या हाती ते आले झीब्रशमुळे. ओफर ॲलन यांच्या पिक्सॉलॉजिकने हे सॉफ्टवेअर १९९९ साली सिग्राफ परिषदेत दाखवले तेव्हा ते मुख्यतः चित्राचे होते. त्याच्या कॅनव्हासवरच्या प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर खोली आणि दिशाही असे. पुढच्या काही वर्षांत त्यात खरी जाळी कोरण्याची सोय आली आणि चित्रपटांच्या कार्यशाळांनी ते उचलले. न्यूझीलंडमध्ये वेटा डिजिटलमधल्या कलावंतांनी मडबॉक्स उभे केले. ते २००५च्या ‘किंग काँग’साठी वापरले गेले आणि २००७ साली ऑटोडेस्कने घेतले. ब्लेंडरमध्ये २.४३ या आवृत्तीबरोबर २००७ मध्येच शिल्पाची सोय आली. बहुपातळी शिल्पाच्या कामासाठी ओफर ॲलन यांना २०१४ साली ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

पातळ्यांची शिस्त कामाच्या रोजच्या पद्धतीतच भिनते. पहिल्या-दुसऱ्या पातळीवर जबडा, गालफडे, मान. तिसऱ्या-चौथीवर पापण्या, नाकपुड्या, ओठांची कड. त्याच्या वर सुरकुत्या आणि रंध्रे. दिग्दर्शक म्हणाला की जबडा जड हवा, तर खालच्या पातळीवर उतरून दोन हात मारायचे आणि वर परत यायचे. दाढीखालच्या सुरकुत्या जागच्या जागी असतात. नवशिके अनेकदा थेट सर्वांत वरच्या पातळीवर कोरायला लागतात. तिथे मोठा ब्रश फिरवला की पृष्ठभागाला बारीक गाठी येतात, कारण एका ढोबळ बदलासाठी हजारो बिंदू थोडे थोडे इकडेतिकडे सरकलेले असतात. दोष ब्रशचा नसतो, चुकीच्या पातळीवर चुकीचे काम चाललेले असते.

पण या पद्धतीच्या दोन मर्यादा कडक आहेत. एक, आकाराने मूळ जाळीच्या बाहेर जायचे नाही. कपाळातून शिंग ओढून काढले तर तिथले मूठभर चौकोन ताणून लांब होतात, आणि शिंगाच्या टोकाशी कोरायला काही उरत नाही. पुढची पायरी चढली तर तेच ताणलेले चौकोन चौपट होतात. दुसरी, पातळी बहुतेक वेळा सगळ्या जाळीला एकच असते. झीब्रशने यातून एक वाट काढली. एचडी जॉमेट्रीमध्ये नेहमीच्या पातळ्यांच्या वर आणखी पातळ्या देता येतात, आणि मूर्तीवर जिथे कर्सर नेऊन कळ दाबली तेवढाच भाग त्या दाट रूपात कोरायला मिळतो. बाकीचा भाग तोवर बाजूला राहतो. एक अब्ज बहुभुजांपर्यंत जाण्याचे आश्वासन त्यामागे होते. तरीही संपूर्ण काम एकत्र न दिसणे शिल्पकाराला जाचते. नाकाची रंध्रे योग्य खोलीची आहेत की नाहीत हे नाक पूर्ण चेहऱ्यात पाहिल्याशिवाय ठरत नाही.

दुसरी मोठी वाट म्हणजे बारकावा जाळीत ठेवायचाच नाही, चित्रात ठेवायचा. १९७८ साली जिम ब्लिन यांनी दाखवले की पृष्ठभाग न हलवता फक्त त्याची प्रकाशाला दिसणारी दिशा बदलली तरी उंचसखलपणाचा भास होतो. १९८४ साली रॉबर्ट कुक यांनी डिस्प्लेसमेंटची कल्पना मांडली, ज्यात चित्रातल्या करड्या छटेनुसार पृष्ठभाग खरोखर वर उचलला जातो. पिक्सारचे रेंडरमॅन पूर्वी ज्या रेयीज पद्धतीवर उभे होते तिच्यात तर चित्र काढतानाच पृष्ठभागाचे एका पिक्सेलहून लहान तुकडे पाडले जातात. म्हणजे कॅमेरा जवळ गेला की दाटी वाढते, दूर गेला की कमी होते, आणि शिल्पकाराची जाळी तशीच हलकी राहते. मोठ्या चित्रपटांतला चेहरा आजही बहुधा याच वाटेने जातो: हलवायला हलकी जाळी, बारकावे डिस्प्लेसमेंट मॅपमध्ये.

इथेही कुठे दाट आणि कुठे विरळ हा निर्णय टळत नाही, तो फक्त जागा बदलतो. ४,०९६ पिक्सेल बाजूच्या चित्रात सुमारे १.६८ कोटी पिक्सेल असतात. ते शरीरावर कसे वाटायचे हे यूव्हीच्या, म्हणजे पृष्ठभाग सपाट उलगडून चित्रावर बसवण्याच्या, मांडणीत ठरते, आणि चेहऱ्याला जास्त जागा देणे म्हणजे चेहऱ्याची जाळी दाट करणेच. चित्राची खोलीही पाहावी लागते: आठ बिटांच्या चित्रात उंचीच्या फक्त २५६ पायऱ्या मिळतात आणि गालावर डोंगरउतारावरच्या शेतांसारखे टप्पे उमटतात, सोळा बिटांत ६५,५३६ मिळतात आणि टप्पे दिसेनासे होतात. शिवाय साधे डिस्प्लेसमेंट पृष्ठभागाला लंब दिशेनेच उचलते. कानाच्या पाळीची आत वळलेली घडी, सापाच्या खवल्याची खाली दुमडलेली कड त्यात मावत नाही. त्यासाठी तिन्ही दिशा नोंदवणारे व्हेक्टर डिस्प्लेसमेंट लागते. त्याचा उलटा उपयोगही झाला आहे. एकदा घडवलेला कान किंवा खवला असा नोंदवून ब्रशच्या रूपात कुठेही दाबता येतो; ब्लेंडरमध्ये ही सोय ३.५ या आवृत्तीत, २०२३ साली आली. मात्र ज्या जाळीवर तो दाबायचा ती तिथे पुरेशी दाट असावी लागते, आणि आपण पुन्हा मूळ प्रश्नापाशी येतो.

आता तिसरी वाट, जिने सर्वांत जास्त लोकांना शिल्पाकडे ओढले. शाडूच्या गणपतीला सोंड लावताना मूर्तिकार मातीचा गोळा हवा तिथेच चढवतो. पाठीला त्याचा पत्ताही नसतो. जाळीने असे वागावे, हे स्वप्न टॉमस पेटरसन यांच्या स्कल्प्ट्रिसने २००९ साली घरच्या संगणकावर आणले. एकट्या माणसाने लिहिलेले, अगदी लहान आणि मोफत सॉफ्टवेअर. पुढच्याच वर्षी पिक्सॉलॉजिकने ते घेतले. त्यातले तत्त्व थोडक्यात असे: ब्रशखाली आलेल्या प्रत्येक कडेची लांबी पाहायची, ठरलेल्या मर्यादेपेक्षा लांब असेल तर तोडून दोन करायच्या, फारच आखूड असेल तर तिची दोन टोके एकत्र करून ती काढून टाकायची. सगळे काम त्रिकोणांत चालते, कारण त्रिकोण कसाही तोडला तरी त्रिकोणच उरतात आणि लटकता बिंदू राहत नाही. शिंग ओढले की कडा लांबतात, तुटतात आणि टोकापर्यंत नवी जाळी आपोआप भरत जाते. निकोलस बिशप यांनी हाच विचार डायनॅमिक टोपोलॉजी म्हणून ब्लेंडरमध्ये आणला. २०१३च्या फेब्रुवारीत २.६६ या आवृत्तीबरोबर तो सर्वांना मिळाला. झीब्रशमध्ये तो स्कल्प्ट्रिस प्रो या नावाने २०१८ साली आला.

कडेची मर्यादा कशी ठरवायची यातच या पद्धतीची खरी मेख आहे. ब्लेंडरमध्ये ती पडद्यावरच्या पिक्सेलांत ठरवता येते. जवळ जाऊन कोरले तर बारीक, दुरून कोरले तर ढोबळ. कागदावर हे फार सुंदर दिसते, आणि प्रत्यक्षात अनेकांची मेहनत यातच वाया जाते. पापणी जवळून बारीक कोरलेली असते. मग मान नीट करायला मागे येऊन मोठा ब्रश फिरवला की तो पापणीवरूनही जातो, तिथल्या कडा आता आखूड ठरतात आणि कोरीवकाम वितळून जाते. यावर उपाय आहे: कडा फक्त तोडाव्यात, जोडू नयेत अशी निवड करायची, किंवा मर्यादा अवकाशातल्या मापात कायमची बांधायची. ही निवड प्रत्येक शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवी असे मला आग्रहाने वाटते. ती ठाऊक नसेल तर विद्यार्थी स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

डायनॅमिक पद्धत स्वातंत्र्य देते आणि त्याबदल्यात परतीचा रस्ता बंद करते. त्यात पातळ्या नाहीत, म्हणून आठीला कपाळाचा आधार नाही. जबडा रुंद करायचा तर सुरकुत्यांसकट ओढावा लागतो. बिंदूंचे क्रमांक दर फटक्याला बदलत असल्यामुळे यूव्ही, बिंदूंना दिलेले रंग, हालचालीसाठीची आकारांची जोडणी यांपैकी कशाचीही शाश्वती राहत नाही. कोण कोणाचा शेजारी हे दरवेळी नव्याने लिहून ठेवावे लागते, त्यामुळे तेवढ्याच त्रिकोणांना मल्टिरेसपेक्षा मेमरी जास्त लागते आणि वेग कमी पडतो. इतके असूनही आकाराचा शोध चालू असताना मी हीच पद्धत सुचवेन. चेहरा कोणाचा हे अजून ठरलेले नाही, राक्षसाला दोन शिंगे की चार हे ठरलेले नाही, तेव्हा परतीच्या रस्त्याची गरज नसते. ठरल्यानंतर मात्र त्यात रंध्रे कोरत बसणे हा श्रमांचा अपव्यय आहे.

चौथी वाट पृष्ठभाग सोडून घनाकाराचा विचार करते. अवकाश बारीक ठोकळ्यांत वाटायचे, प्रत्येक ठोकळ्यापासून पृष्ठभाग किती दूर आहे ते नोंदवायचे, आणि शेवटी त्यावरून जाळी काढायची. अशा नोंदीतून त्रिकोण काढण्याचे प्रसिद्ध तंत्र, मार्चिंग क्यूब्ज, १९८७चे. अँड्र्यू श्पागिन यांचे थ्रीडी-कोट या वाटेवरचे महत्त्वाचे नाव. झीब्रशचे डायनामेश २०११चे. ब्लेंडरचा व्हॉक्सेल रीमेश २०१९चा, आणि तो ड्रीमवर्क्सने २०१२ साली खुल्या केलेल्या ओपनव्हीडीबीवर उभा आहे. घनाकारात हात धडाला भिडला की एकजीव होतो, भोक पाडता येते, ताणलेले चौकोन एका झटक्यात सारखे होतात. पण सारखे म्हणजे सगळीकडे सारखे. पापणीचा ठोकळा आणि पाठीचा ठोकळा एकाच मापाचा. ठोकळ्याची बाजू निम्मी केली की पृष्ठभागाचे चौकोन चौपट होतात, आणि पातळ भाग, म्हणजे मिटलेले ओठ, कानाची पाळी, बोटांमधली फट, ठोकळा मोठा असेल तर एकमेकांना चिकटून बसतात. धारदार कडा बोथट होतात. म्हणून अनुभवी लोक डोके वेगळे, धड वेगळे, हात वेगळे ठेवून प्रत्येकाला वेगळी दाटी देतात. हाही स्थानिक बारकावाच, फक्त तुकडे पाडून मिळवलेला.

घनाकारातही खरी स्थानिक दाटी शक्य आहे हे सारा फ्रिस्कन, रोनाल्ड पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेत दाखवले. सपाट भागात ठोकळा मोठाच ठेवायचा, आणि मोठ्या ठोकळ्यातून काढलेले अंतर खऱ्या अंतराशी जुळत नसेल तिथेच त्याचे आठ करायचे. पृष्ठभाग तिथून जातो म्हणून ठोकळा फोडायचा नाही, पृष्ठभाग तिथे गुंतागुंतीचा आहे म्हणून फोडायचा. पुढच्या वर्षी त्यांनी या तत्त्वावर किझामू नावाची शिल्पप्रणालीही मांडली. जाळ्यांच्या दुनियेत आजही आपण बहुतेक वेळा ब्रश फिरला म्हणून दाटी वाढवतो, गरज आहे म्हणून नव्हे. किझामूची कसोटी त्याहून शहाणी होती.

व्यवहारात आज कोणीही एकाच वाटेने जात नाही. घनाकारात किंवा डायनॅमिक जाळीत आकार शोधायचा. तो ठरला की त्यावर नवी, नीट चौकोनी जाळी चढवायची, हाताने किंवा झीरिमेशर, क्वाड्रिफ्लो यांसारख्या साधनांनी. मग त्या जाळीचे विभाजन करत जुन्या शिल्पाचे बारकावे तिच्यावर प्रक्षेपित करायचे, आणि शेवटची त्वचा मल्टिरेसमध्ये कोरायची. या साखळीतले नवी जाळी चढवण्याचे काम कंटाळवाणे म्हणून टाळले जाते किंवा पूर्णपणे यंत्रावर सोपवले जाते. यंत्राला वक्रता दिसते, महत्त्व दिसत नाही. पाठीचा मणका त्याला पापणीइतकाच वळणदार वाटतो. झीरिमेशरमध्ये कुठे दाट हवे ते रंगवून सांगता येते. ती सोय वापरायला पाच मिनिटे लागतात आणि पुढचे सगळे काम त्यावर उभे राहते.

उलट्या दिशेनेही या प्रश्नाकडे पाहता येते: आधी सगळीकडे भरपूर दाट करायचे आणि मग नको तिथून काढून घ्यायचे. मायकेल गारलँड आणि पॉल हेकबर्ट यांनी १९९७ साली दिलेली पद्धत यासाठी आजही वापरली जाते. कोणती कड काढली तर आकाराची चूक सर्वांत कमी होईल हे मोजून ती एकेक कड काढत जाते. स्टॅनफर्डच्या मार्क लेव्हॉय यांच्या गटाने मायकेलअँजेलोचा पाच मीटरहून उंच डेव्हिड पाव मिलिमीटरच्या बारकाईने मोजला, तेव्हा हाती सुमारे २ अब्ज बहुभुज आले. छिन्नीच्या खुणा टिपायच्या होत्या म्हणून ती बारकाई लागली. पण तेवढा भार पडद्यावर दाखवण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लिहावे लागले. अनरिअल इंजिन ५च्या नॅनाइटने हाच विचार खेळांत आणला. २०२०च्या प्रात्यक्षिकात झीब्रशमधून थेट आणलेला ३.३ कोटी त्रिकोणांचा पुतळा दाखवला होता, आणि एका दालनात तसे जवळपास ५०० पुतळे. तेव्हापासून अनेक जण म्हणू लागले की आता त्रिकोण मोजायचे दिवस संपले. मला ते पटत नाही. नॅनाइटने दाखवण्याचा भार हलका केला, घडवण्याचा नाही. शिवाय सुरुवातीला ते न वाकणाऱ्या वस्तूंपुरतेच होते. दगडाला जे चालते ते हसणाऱ्या गालाला चालत नाही.

आणि शेवटी वस्तू हातात घ्यायची असेल तर हिशेब आणखी बदलतो. मुंबईत सीप्झ या विशेष आर्थिक क्षेत्रात निर्यातीचे दागिने घडतात. दागिन्यांच्या कामात आता देवतांची पदके संगणकावर कोरून, मेणासारख्या रेझिनमध्ये छापून, त्यावरून ओतकाम करण्याची पद्धत रुळली आहे. इथे नॉर्मल मॅपचा, म्हणजे नुसती दिशा बदलून उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्राचा, काही उपयोग नाही, बारकावा खऱ्या जाळीतच लागतो. पण किती? २५ मिलिमीटर उंच आणि १८ मिलिमीटर रुंद गणपतीच्या पदकाचा दर्शनी भाग ४५० चौरस मिलिमीटर. छपाईचा थर ०.०५ मिलिमीटरचा असेल तर त्याच मापाचे चौकोन पुरतात, म्हणजे १ लाख ८० हजार. उठावामुळे दुप्पट धरले तरी चार लाखांच्या आत. तरीही कोटी त्रिकोणांच्या फायली छापायला येतात. एसटीएल फाइलमध्ये एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे कोटीला सुमारे ५०० मेगाबाइट. त्यातले बहुतेक त्रिकोण छपाईतच हरवतात आणि उरलेसुरले बारकावे पॉलिश करताना जातात. सोंडेवरच्या वळ्या पदकावर दिसायला हव्यात तर त्या खोल कोराव्या लागतात, पडद्यावर बऱ्या दिसतात त्याहून अधिक खोल. दाटी वाढवून ते साधत नाही.

शिकणाऱ्यांपैकी बहुतेक जण आज ब्लेंडरपासून सुरुवात करतात, कारण ते मोफत आहे, आणि अनेकांच्या संगणकात आठ गिगाबाइटच मेमरी असते. त्यांच्यासाठी या सगळ्याचा अर्थ फार थेट आहे. ब्लेंडरच्या मल्टिरेसमध्ये पातळी अजूनही सगळ्या जाळीला एकच असते; चेहऱ्याला सातवी आणि पाठीला चौथी असे देता येत नाही. फोर्सी-बार्टेल्सपासून झोरिनपर्यंत त्याचे गणित मांडून झालेले आहे. आधार टिकवणारी आणि तरीही हवी तिथेच दाट होणारी मल्टिरेस खुल्या सॉफ्टवेअरमध्ये आली, तर महागड्या यंत्राशिवाय चेहऱ्याची त्वचा कोरता येईल. ती येईपर्यंत मूळ जाळीत पापणीभोवती तीन वर्तुळे जास्त घालणे आणि डोके धडापासून वेगळे ठेवणे, एवढे त्यांना आजच करता येते.